आक्षेप क्रमांक एक : सिस्टीम आयडल प्रोसेस

संगणक मंदावला की आपल्याकडचा माणूस पहिला इलाज म्हणून डेस्कटॉपच्या मोकळ्या जागेवर माउसचं उजवं बटण दाबतो आणि ‘रिफ्रेश’ करतो. एकदा करून त्याचं समाधान होत नाही. चिन्हं चार-सहा वेळा लुकलुकली पाहिजेत. या रिफ्रेशने होतं इतकंच की डेस्कटॉपवरची चिन्हं पुन्हा एकदा मांडली जातात. मेमरी मोकळी होत नाही, प्रोसेसरला हुरूप येत नाही, अडकलेली फाइल सुटत नाही. तरीही बँकेच्या काउंटरवर, तलाठी कार्यालयात, ई-सेवा केंद्रात, जिथे म्हणून ‘सर्व्हर डाउन’ असतो तिथे हे लुकलुकणं अखंड चालू असतं. समोरच्या रांगेला वाटतं, साहेब प्रयत्न करताहेत.

दुसरा वर्ग रीस्टार्टवाल्यांचा. ही माणसं निर्णय पटकन घेतात आणि सेव्ह न केलेल्या फाइलसाठी सावकाश हळहळतात. त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही.

तिसरा वर्ग टास्क मॅनेजर उघडणाऱ्यांचा. यांना संगणक वेगात चालायला हवा असतो असा एक समज आहे. जवळून पाहिलेल्या नमुन्यांवरून सांगतो, तसं काही नसतं. कोण किती खातंय हे त्यांना कळायला हवं असतं. वेगाचं मग बघू.

साताऱ्याला पेन्शनरांचं गाव म्हणतात, आणि आमच्या आळीपुरतं ते नाव सार्थ करण्याची जबाबदारी शेजारच्या काकांनी एकट्याने उचलली आहे. काकांची उभी हयात लेखापरीक्षणात गेली. ग्रामपंचायती, बाजार समित्या, नगरपालिका, सगळ्यांची दप्तरं त्यांनी उलथीपालथी केलेली. नळपाणी योजनेच्या लाखांच्या हिशेबावरून नुसती नजर फिरवायची आणि ‘खराटे नग बारा, पैकी शिल्लक नऊ, तीन खराट्यांचा खुलासा व्हावा’ इथे बोट ठेवायचं, ही त्यांची ख्याती. निवृत्त झाल्यावर त्यांनी हीच दृष्टी घराकडे वळवली. काकूंच्या किराण्याच्या वहीवर त्यांनी रीतसर अर्धसमास काढला, म्हणजे कागद मधोमध दुमडून एका बाजूला आक्षेप लिहिला आणि दुसरी बाजू उत्तरासाठी कोरी सोडली. काकूंनी कोऱ्या बाजूवर दुधाचा हिशेब लिहून कागद परत केला. त्यानंतर काकांना बरीच वर्षं लायक दप्तरच मिळालं नाही.

मग पुण्याच्या मुलाने आपला जुना संगणक आणून ठेवला. चार जीबी मेमरी, फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क आणि विंडोज १०. बटण दाबून काकांनी पूजा आटोपली की डेस्कटॉप दिसायचा आणि चहा झाला की माउस हलायचा. एकदा पेन्शनच्या स्लिपची पीडीएफ उघडता उघडता सगळंच थिजलं. पांढुरकं झालेलं चित्र आणि वर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’. दुकानातला मुलगा आला, त्याने कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबलं, एक यादी उघडली, अडकलेल्या नावावर ‘एंड टास्क’ केलं आणि शंभर रुपये घेऊन गेला. काका यादीसमोर बसूनच राहिले. प्रत्येकाचं नाव, नावासमोर प्रोसेसर किती, मेमरी किती, डिस्क किती, नेटवर्क किती. जो जास्त खाईल त्याचा रकाना आपोआप गडद पिवळा.

मी गेलो तेव्हा ते भारावलेले होते. “अरे, हजेरीपट आणि खर्चाचं रजिस्टर एकाच पानावर! आणि दर सेकंदाला अद्ययावत! एवढ्या नोकरीत एका ग्रामसेवकाने असं दप्तर दाखवलं नाही मला.”

‘नॉट रिस्पॉन्डिंग’चा नियम मी त्यांना सांगितला. खिडकीने पाच सेकंद कशालाच उत्तर दिलं नाही की विंडोज तिला प्रतिसादशून्य ठरवतं आणि तिच्या जागी तिचाच एक पांढुरका तोतया उभा करतं, म्हणजे निदान तो तरी आपल्याला हलवता किंवा बंद करता यावा. काकांना तोतयाचं काही वाटलं नाही. कार्यालयात असे त्यांनी पुष्कळ पाहिले होते. ते पाच सेकंदांपाशीच थांबले. “पाच सेकंद? आम्ही पाच-पाच वर्षं स्मरणपत्रं पाठवायचो.”

तपासणी सुरू करण्याआधी हे दप्तर कोणाच्या आदेशाने तयार झालं ते हवंच होतं. मग मी मुळापासून सांगितलं. १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला. तो घडवणाऱ्या बारा जणांच्या मूळ तुकडीतल्या डेव्हिड ब्रॅडली या अभियंत्याने, चाचण्या घेताना यंत्र अडकलं की दर वेळी वीज बंद करून चालू करायला नको म्हणून, तीन बटणांची ही युक्ती काढली. आधी तिच्यात डिलीटच्या जागी एस्केप होतं. पण ती तिन्ही बटणं कीबोर्डच्या डाव्या अंगाला येत, धक्क्याने दाबली जायची भीती. म्हणून तिसरं बटण दूर उजवीकडे नेलं, म्हणजे दोन हात लागतीलच.

“दोन सह्यांशिवाय चेक नाही,” काका म्हणाले. “योग्य.”

ही युक्ती गिऱ्हाइकापर्यंत जाणारच नव्हती, घरातल्या अभियंत्यांपुरती होती. गेली ती जगभर. पीसीला वीस वर्षं झाली तेव्हाच्या समारंभात बिल गेट्स शेजारी बसलेले असताना ब्रॅडलींनी विनोद केला की ही बटणं शोधली असतील मी, पण प्रसिद्ध केली ती बिलने. गेट्सचा त्या वेळचा चेहरा आजही चित्रफितीत बघायला मिळतो. पुढे २०१३ मध्ये हार्वर्डमध्ये बोलताना गेट्स यांनी विंडोजमध्ये शिरायला ही तीन बटणं लावणं ही चूक होती, एकच बटण हवं होतं, असं कबूलही केलं.

“आणि ही यादी?”

यादी डेव्ह प्लमर या मायक्रोसॉफ्टमधल्या प्रोग्रामरची. त्याने ती घरी, फावल्या वेळात, स्वतःच्या हौसेखातर लिहायला घेतली होती. कंपनीला आवडली, आणि १९९६ च्या विंडोज एनटी ४.० मध्ये टास्क मॅनेजर म्हणून आली.

“म्हणजे काम आधी, मान्यता नंतर,” काकांनी वहीत टिपलं. “कार्योत्तर मंजुरी. चालतं, पण नोंद पाहिजे.”

त्यांना आणखी एक गोष्ट मी दाखवली, कंट्रोल-शिफ्ट-एस्केप. तीन बटणं, तिन्ही डाव्या हाताला, यादी थेट पुढ्यात. तेव्हापासून काकांच्या उजव्या हातात चहा असतो.

पहिल्या दिवशी त्यांनी आकड्यांना हातच लावला नाही. ‘डिटेल्स’ या पानावर प्रत्येक नावापुढे एक क्रमांक असतो, त्यांनी तो रकाना चढत्या क्रमाने लावला आणि पेन्सिल घेऊन बसले. तासाभरात मला हाक आली. “हे बघ. शून्य, मग थेट चार. पुढचे कुठलेही घे, सगळ्यांना चारने भाग जातो. एक, दोन, तीन कुठे गेले? पाच, सहा, सात? पावतीपुस्तकातल्या चारातल्या तीन पावत्या गहाळ!”

विंडोज वापरणाऱ्या कोट्यवधी माणसांपैकी फार थोड्यांना हे कधी दिसलं असेल. पण ते खरं आहे. विंडोजमध्ये प्रोसेसना क्रमांक देणारी आतली यंत्रणा तीच आहे जी इतर अंतर्गत वस्तूंना क्रमांक देते, आणि तिथे चाराच्या पटीतच आकडे द्यायची रीत आहे. गहाळ काही नाही, छापलेच नाहीत. काकांनी ऐकून घेतलं, पण चेहऱ्यावर खुलासा अमान्य झाल्याची खूण होती.

खरा स्फोट झाला तो शून्य क्रमांकावर. नाव सिस्टीम आयडल प्रोसेस, प्रोसेसरचा वापर सत्त्याण्णव टक्के.

“सापडला!” काका म्हणाले. “नाव बघ, आयडल! आणि सत्त्याण्णव टक्के एकटा खातो. बाकी शंभर-दीडशे जणांत मिळून तीन टक्के. आणि हा गृहस्थ यादीत शून्य क्रमांकावर, म्हणजे सगळ्यांच्या आधी नेमणूक.”

“काका, तो खात नाही. प्रोसेसरला करायला काहीच नसतं तो वेळ त्याच्या नावावर मांडतात.”

“रिकाम्या वेळेला स्वतंत्र माणूस?”

“वेळेचा हिशेब शंभर टक्के भरायला हवा ना. आणि त्याची पाळी आली की प्रोसेसर विसावतो, वीज कमी लागते.”

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. लेखापरीक्षकाला पैसे खाणारा माणूस समजतो, काम न करणारा समजतो. पण ज्याच्या काही न करण्याने खात्याचे पैसे वाचतात असा माणूस त्यांच्या अनुभवात नव्हता. त्यांनी ‘एंड टास्क’ करून पाहिलं, ते होत नाही. शेवटी वहीत ‘आक्षेप क्रमांक एक’ पडला तो पडलाच, आणि अनुपालनाची बाजू आजही कोरी आहे.

आक्षेप क्रमांक दोन एसव्हीसीहोस्टवर. एकाच नावाच्या साठ-सत्तर ओळी. काकांच्या मते ही सरळ बोगस हजेरी, एकाच माणसाचा अंगठा सत्तर ठिकाणी. वस्तुस्थिती अशी की विंडोजच्या कितीतरी सेवा स्वतःच्या पायावर उभ्या राहत नाहीत. नेटवर्क, आवाज, घड्याळ जुळवणं असल्या सेवांना एका यजमानाच्या घरात बसून काम करावं लागतं, तो यजमान म्हणजे एसव्हीसीहोस्ट. पूर्वी एकेका घरात दहा-दहा सेवा दाटीवाटीने राहायच्या आणि एकीचा पाय घसरला की सगळं घर कोसळायचं. २०१७ च्या एका अपडेटनंतर ज्या संगणकात साडेतीन जीबीपेक्षा जास्त मेमरी आहे तिथे बहुतेकींना स्वतंत्र घरं मिळाली. काकांच्या संगणकात चार जीबी. म्हणजे अर्ध्या जीबीच्या फरकाने ही भरती त्यांच्या नशिबी आली होती. “उंबरठा साडेतीन का? शासन निर्णय कुठे आहे?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, कोणाकडे असेल असं वाटत नाही.

तिसऱ्या आक्षेपाने काका दुखावले गेले. अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल, म्हणजे विंडोजचा पहारेकरी. आपण संगणक सोडून उठलो की याला तपासणीची जाग येते, मग हा सगळ्या फाइली पालथ्या घालत बसतो, प्रोसेसर आणि डिस्क दोन्हींवर ताव मारतो, आणि आपण परत आलो की अंग चोरायच्या आधी थोडा वेळ तरी यादीत सर्वांच्या वर दिसतो. काकांनी त्याला निवडून ‘एंड टास्क’ केलं. उत्तर आलं, ‘अ‍ॅक्सेस इज डिनाइड’.

नोकरीत हे शब्द काकांना कोणी ऐकवले नव्हते. सरपंचांनी रजिस्टर लपवलं असेल, कुलपाची किल्ली हरवली असेल, लेखनिक आजारी पडला असेल. पण समोर बसून ‘दाखवत नाही, जा’ असं कोणी म्हणालं नव्हतं. त्यांनी लाल शाईचं पेन काढलं. ‘वारंवार मागणी करूनही दप्तर उपलब्ध करून दिले नाही. बाब गंभीर आहे.’

या अपमानाचा सूड म्हणून असेल, दुसऱ्या दिवशी त्यांनी ‘डिटेल्स’मधून एक्सप्लोरर संपवला. नावावरून त्यांना तो प्रवास-भत्ता लाटणारा वाटला होता. क्षणात डेस्कटॉपवरची सगळी चिन्हं गेली, खालची पट्टी गेली, स्टार्टचं बटण गेलं. उरला तो नातवाच्या बारशाचा फोटो आणि त्यावर तरंगणारा टास्क मॅनेजर. कारण विंडोजमध्ये एक्सप्लोरर म्हणजे नुसता फाइली दाखवणारा नव्हे, पुढचं सगळं दिवाणखाना-अंगण तोच मांडतो. तो स्वतःहून कोसळला तर विंडोज त्याला पुन्हा उभं करतं. पण टास्क मॅनेजरमधून कोणी हेतुपुरस्सर संपवला तर मालकाची इच्छा समजून गप्प बसतं. फाइल मेनूत जाऊन, ‘रन न्यू टास्क’मध्ये त्याचं नाव टाइप करून मी त्याला परत आणला.

“बडतर्फी मागे घेतली,” काका म्हणाले. “पण ताकीद दिली असं लिही.”

काकू तेवढ्यात फोटो बघत होत्या. “मधली ती चिन्हं नव्हती तेव्हा बाळ किती छान दिसत होतं,” म्हणाल्या.

काकूंची गोष्ट वेगळी आहे. त्या संगणकावर तपासणी नसते तेव्हा बसतात, आणि एकदा उघडलेली टॅब बंद करत नाहीत. साखरभात, गुडघेदुखी, पैठणी, नवरात्राचे रंग, एसटीचं वेळापत्रक, पुन्हा साखरभात. क्रोम २००८ मध्ये आला तोच ही रीत घेऊन की टॅबांची कामं वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये वाटायची, म्हणजे एक टॅब पडली तरी बाकीच्यांना धक्का नको. सुरक्षित पद्धत आहे, पण प्रत्येक प्रोसेसचा संसार वेगळा, आणि चार जीबीच्या घरात एवढे संसार. काकांनी मेमरीचा रकाना उतरत्या क्रमाने लावला तेव्हा पहिली कितीतरी नावं क्रोमचीच निघाली. त्यातली कुठली ओळ कोणाची, हे टास्क मॅनेजरमधून धड कळेना. मग मी क्रोमच्या आत शिफ्ट-एस्केप दाबलं आणि क्रोमची स्वतःची, निराळी यादी उघडली. टॅबवार हिशेब. साखरभात सर्वांत वर.

“खात्यात दुसरं खातं!” काका म्हणाले, आणि मग आवाज खाली आणून, “साखरभाताला एवढी मेमरी कशाला लागते रे?”

साखरभाताला लागत नाही. लागते ती त्याच्या बाजूला आपोआप सुरू होणाऱ्या चित्रफितीला, खालून सरकत येणाऱ्या जाहिरातींना आणि आपण साखर कुठे चमचा कुठे बघतो यावर पाळत ठेवणाऱ्या डझनभर स्क्रिप्ट्सना. मी हे समजावलं. काकू म्हणाल्या, “मग त्यांना काढा. माझा भात राहू दे.” इतका नेमका निष्कर्ष मी या विषयातल्या जाणकारांकडूनही क्वचित ऐकला आहे.

दिवाळीच्या सुट्टीत कराडला इंजिनिअरिंग करणारा भाचा आला आणि काकांना पलीकडचं जग दिसलं. त्याच्या लॅपटॉपवर लिनक्स. काळ्या पडद्यावर ‘टॉप’ चालू केलं. हा प्रोग्राम विल्यम लेफेव्हर यांनी १९८४ मध्ये लिहिला, म्हणजे प्लमरच्या यादीपेक्षा बारा वर्षांनी मोठा. तिथली सेवाशर्तीची भाषा ऐकून काका खुर्चीत सावरून बसले. युनिक्सच्या घराण्यात प्रत्येक प्रोसेसला एक जन्मदाता असतो. मूल काम संपवून गेलं की ते कसं संपलं हे जन्मदात्याने विचारून घ्यायचं असतं. त्याने ते विचारलंच नाही तर मूल मेलेलं असूनही यादीत नाव राहतं. त्याला झोम्बी म्हणतात. आणि ते मारता येत नाही, कारण आधीच मेलेलं असतं.

“मयत कर्मचाऱ्याचं नाव हजेरीपटावर,” काका हळूच म्हणाले. असं प्रकरण त्यांनी स्वतः बाहेर काढलं होतं, त्यांच्या डोळ्यांत ते दिवस आले. “पगार उचलतो का?”

“नाही काका. मेमरी नाही, प्रोसेसर नाही. नुसती एक ओळ अडवतो.”

“मग किरकोळ.”

आणि जन्मदाताच आधी गेला, मूल मागे राहिलं, तर? त्या अनाथाला साधारणपणे क्रमांक एकची प्रोसेस दत्तक घेते. “अनुकंपा तत्त्वावर,” काकांनी टिपलं, आणि हा मुद्दा लगेच मान्यही केला.

भाच्याने मग ‘नाइस’ दाखवलं. प्रत्येक प्रोसेसला उणे वीसपासून एकोणीसपर्यंत चांगुलपणाचा आकडा असतो. आकडा जितका मोठा तितकी ती इतरांना पुढे जाऊ देते आणि स्वतःला प्रोसेसर कमी मिळतो. आपला चांगुलपणा वाढवायची मुभा कोणालाही आहे. कमी करायला मात्र एरवी वरिष्ठांची परवानगी लागते.

पोळ्या लाटता लाटता काकू आतून म्हणाल्या, “माझा एकोणीस आहे. परवानगी कोणाकडे मागायची ते विचार त्याला.”

पुण्याच्या मुलाकडे मॅक आहे. त्याने व्हिडिओ कॉलवर तक्रार केली की त्याच्या यादीत कर्नल टास्क नावाचं काहीतरी भरमसाट प्रोसेसर खातंय. अ‍ॅपलचं स्पष्टीकरण मोठं गमतीचं आहे. यंत्र तापायला लागलं की ही प्रोसेस प्रोसेसर इतरांच्या हाती कमी लागेल अशी व्यवस्था करते, म्हणजे तापवणारी कामं आपोआप मंदावतात. दिसायला सगळ्यांत जास्त कामात तीच, आणि हेतू हा की काम कमी व्हावं.

“फाइल पुढे जाऊ नये म्हणून टेबलावर ठेवून घ्यायची,” काका म्हणाले. “आमच्याकडे एक अधीक्षक होते. खातं कधी तापलं नाही त्यांच्या काळात.”

एव्हाना काकांची नजर इतकी तयार झाली होती की भाच्याने त्यांना शेवटचा धडा दिला. परक्याच्या संगणकात चोरून घुसून तिथल्या प्रोसेसरवर आभासी चलन कमावणारे काही उपद्रवी प्रोग्राम असे आहेत की टास्क मॅनेजर उघडला गेला हे ओळखून ते तत्काळ हात आखडतात. यादी बंद झाली की पुन्हा चालू. म्हणजे बघेपर्यंत पंखा घोंघावतोय आणि बघितलं की सगळे सज्जन.

हे ऐकून काका चिडतील असं भाच्याला वाटलं होतं. काका प्रसन्न झाले. नव्या तंत्रज्ञानात पहिल्यांदाच त्यांना माणूस भेटला होता. तपासणीची जीप गावच्या वेशीवर दिसली की सही करायला धावणारी अख्खी पंचायत त्यांनी पाहिली होती. “पूर्वसूचना द्यायचीच नाही,” असं म्हणून त्यांनी अचानक भेटी सुरू केल्या. जेवता जेवता उठून कंट्रोल-शिफ्ट-एस्केप. अंघोळीला जाताना परत फिरून कंट्रोल-शिफ्ट-एस्केप. यादीतली नावं सारखी वरखाली उड्या मारतात, नेमक्यावर बोट ठेवेपर्यंत तो निसटतो. त्यावर कंट्रोल दाबून धरलं की यादी जागच्या जागी थबकते हे त्यांना कळलं, आणि काकूंच्या म्हणण्याप्रमाणे त्या दिवसापासून त्यांनी डावा हात दुसऱ्या कशाला लावलेला नाही.

भाच्याने जाता जाता एक बातमी सांगितली. ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीला विंडोज ११ च्या एका ऐच्छिक अपडेटनंतर टास्क मॅनेजरच बंद होईनासा झाला होता. फुली मारली की खिडकी जायची, पण तो मागे चालूच. पुन्हा उघडला की दुसरा, मग तिसरा, सगळे मेमरी अडवून बसलेले. पुढे दुरुस्ती आली. काकांचा संगणक विंडोज १० चा, त्याचा सर्वसाधारण पाठिंबा त्याच महिन्याच्या चौदा तारखेला संपला होता, त्यामुळे ते त्यातून वाचले.

“निवृत्त केला तरी कार्यालय सोडेना,” काका हसत म्हणाले.

काकूंनी पोळीवरून नजर उचलून फक्त त्यांच्याकडे पाहिलं.

या सगळ्यात संगणक मंद का, हा प्रश्न तसाच राहिला होता, आणि खरं सांगायचं तर त्याचं उत्तर पहिल्या दिवसापासून पिवळ्या रंगात समोर होतं. डिस्कचा रकाना, शंभर टक्के. काकांनी त्यावर आक्षेप घेतला नव्हता, कारण शेजारी प्रत्यक्ष आकडा बघितला तर सेकंदाला जेमतेम एक-दोन एमबी. इतकं थोडं काम आणि शंभर टक्के, म्हणजे छपाईची चूक असणार असं त्यांनी गृहीत धरलं. पण तो टक्का किती माल हलला याचा नसतो, डिस्क किती वेळ गुंतलेली होती याचा असतो. फिरत्या तबकडीवरची सुई एका वेळी एकाच जागी असते. पहारेकरी एक फाइल मागतो, अपडेट दुसरी, शोधसूची बनवणारा तिसरी, क्रोम पन्नास बारीकसारीक तुकडे. सुई बिचारी नुसती धावत सुटते, आणि धावण्यातच सेकंद संपतो. सगळे तिच्यासाठी ताटकळलेले, म्हणून प्रोसेसर रिकामा, म्हणून आयडल सत्त्याण्णव टक्के. आक्षेप क्रमांक एकचा खुलासा असा शेजारच्याच रकान्यात पडून होता.

मुलाने पुण्याहून एसएसडी पाठवली, सोबत चार जीबी मेमरी. दुकानातल्या मुलाने दुपारी येऊन बसवली. संध्याकाळी काकांनी बटण दाबलं आणि पूजेला जायला उठले, तर उठेपर्यंत डेस्कटॉप हजर. त्यांना ते आवडलं नाही.

मेमरीचा आकडा पाहून भाचा फोनवर जरा बिचकला. आधी चारातले तीन वापरात, आता आठातले साडेचार. म्हणजे मेमरी वाढवली आणि खर्चही वाढला! विंडोज असंच वागतं. मोकळी मेमरी बघितली की नेहमीची कामं आधीच आणून ठेवतं, प्रोग्रामही हात सैल सोडतात. वापरली नाही तर ती नुसती पडून राहणार. हे मी समजावून सांगणार तोच काका म्हणाले, “काही सांगू नकोस. अनुदान दुप्पट केलं, खर्च वाढला. मार्च कुठलाही असो.” हा एकच मुद्दा असा की ज्याला त्यांनी खुलासाही मागितला नाही.

पण पुढचे दिवस वाईट गेले. यादी उघडावी तर प्रोसेसर दोन टक्के, डिस्क शून्य, नेटवर्क शून्य. एकही रकाना गडद होईना. पीडीएफ टिचकीसरशी उघडे. काकूंच्या टॅब सगळ्या उघड्या आणि तरी काही अडेना. काका रोज वहीत तारीख घालायचे आणि खाली ‘निरंक’ लिहायचे. पूर्ण निरंक अहवाल देणारं कार्यालय त्यांनी आयुष्यात एकदाच पाहिलं होतं, आणि त्याचं पुढे दप्तर जळालं होतं.

“यादीच खोटी असेल तर?” एका संध्याकाळी त्यांनी विचारलं. “हा टास्क मॅनेजर स्वतःही यादीत आहे बघ. स्वतःचा खर्च स्वतःच लिहितो. याला तपासणारा कोण?”

तपासणारा आहे. मार्क रसिनोविच यांनी लिहिलेला प्रोसेस एक्सप्लोरर. विंडोजच्या पोटातलं मायक्रोसॉफ्टपेक्षा जास्त बाहेर काढणारा म्हणून हा माणूस इतका गाजला की २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्यांची कंपनीच विकत घेतली. फुकट मिळतो. कोणाचा जन्मदाता कोण ते झाडासारखं दाखवतो, सेवा गुलाबी रंगात, आपले प्रोग्राम फिक्या जांभळ्यात. मी तो काकांना उतरवून दिला. टास्क मॅनेजरची जागाच त्याला द्यायची सोय त्यात आहे; काकांनी ती नाकारली. दोन्ही खिडक्या शेजारी-शेजारी लावल्या. डावीकडच्या यादीत उजवीकडचा, उजवीकडच्या यादीत डावीकडचा. फेरलेखापरीक्षण.

आणि मग त्यांचा चेहरा उजळला. एकाच क्षणी, एकाच संगणकाच्या प्रोसेसरचा वापर डावीकडे तीन टक्के, उजवीकडे पावणेदोन. दोघांची मोजायची रीत वेगळी, ताजं व्हायची वेळ वेगळी, त्यामुळे हे आकडे सहसा तंतोतंत जुळत नाहीत आणि जुळायची गरजही नसते. मी तोंड उघडलं, पण काकांनी हात वर केला. वही आधीच दुमडून झाली होती.

“सव्वा टक्क्याची तफावत,” ते म्हणाले. “ताळमेळ लागेपर्यंत कोणी मशीनला हात लावायचा नाही.”

“मला लाइटबिल भरायचंय,” काकू म्हणाल्या.

“थांब जरा. हिशेब चालू आहे.”

काकूंनी मोबाईलवर बिल भरलं, पावती काकांना पाठवली, आणि विचारलं, “लाइट कोणी जाळली तेही लिहिता का त्यात?”